वसुली अधिकारी निवडताना नेमकं काय पाहायचं?

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्या नाशिकच्या पतसंस्थेत वसुलीच्या तीन जागा भरायच्या आहेत. शाखा पंचवटी, सिडको आणि निफाड तालुक्यात. कर्जं सगळ्या तऱ्हेची आहेत: सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांची वैयक्तिक कर्जं, रिक्षा-टेम्पो, छोटे दुकानदार आणि निफाडकडचे द्राक्ष-कांदावाले.

संचालक मंडळात दोन मतं पडली आहेत. काहींना उंचापुरा, दारात उभा राहिला की वचक बसेल असा माणूस हवा आहे. काहींना फायनान्स कंपनीत टार्गेट पुरी करून आलेला, बोलण्यात पटाईत असा. मला दोन्ही अपुरं वाटतं, पण मग काय हवं हे नीट मांडता येत नाही. या कामाची खरी जाण असलेल्यांनी सांगावं: कोणते गुण पाहावेत, आणि शहर व खेडं दोन्हीकडे एकच माणूस चालेल का?

जमाखर्च | सोमवार, सकाळी १०:२५

पहिला गुण: खातं तोंडपाठ असणं. आवाज, उंची, बोलणं हे सगळं त्यानंतर.

दोन लाखांचं, १४ टक्क्यांचं, ३६ हप्त्यांचं कर्ज घ्या. हप्ता साधारण ६,८३५ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २,३३३ व्याजात जातात. कर्जदार म्हणतो, "महिन्याला अडीच हजार भरतो, चालू ठेवा." वसुलीवाला खूश होऊन पावती फाडतो. सहा महिन्यांनी कर्जदार विचारतो, "पंधरा हजार भरले, मुद्दल का हलत नाही?" आणि वसुलीवाल्याकडे उत्तर नसतं. तिथून पुढे तो माणूस एक रुपया देत नाही, कारण त्याला फसवल्यासारखं वाटतं. ज्याला पहिल्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर हा हिशेब मांडून दाखवता येतो, "अडीच हजारात फक्त व्याज फिटतंय, मुद्दल हलवायचं तर किमान एवढे लागतील" असं सांगता येतं, त्याला पुढे आवाज चढवावा लागत नाही.

दारात जाण्याआधी त्याच्याजवळ काय असायला हवं तेही सांगतो. त्या दिवसापर्यंतचा उतारा. शेवटच्या तीन भरण्यांच्या तारखा आणि पावती क्रमांक. थकीत हप्ते किती आणि त्यावर दंड किती, हे दोन आकडे वेगवेगळे. जामीनदारांची नावं आणि त्यांच्याशी शेवटचं बोलणं कधी झालं ती तारीख. विमा उतरवला आहे का. कर्जदाराचा काही तक्रारअर्ज कार्यालयात पडून आहे का. शेवटची गोष्ट सगळे विसरतात. माणसाने दोन महिन्यांपूर्वी "माझा मार्चचा भरणा दुसऱ्याच खात्यात जमा झालाय" असा अर्ज दिलेला असतो, तो कोणी वाचलेला नसतो आणि वसुलीवाला दारात जाऊन मार्चचाच हप्ता मागतो. असं एकदा झालं की पुढच्या दहा भेटी वाया जातात.

सिडकोकर | सोमवार, सकाळी ११:०२

जमाखर्च यांच्याशी सहमत. कामगारवस्तीसाठी एक भर घालतो: पगाराची तारीख माहीत असणं.

सातपूर-अंबडला पगार साधारण सात ते दहा तारखेदरम्यान होतात. ठेकेदाराकडच्या मुलांचे त्याहून उशिरा. आणि नॅचची (बँक खात्यातून हप्ता आपोआप कापला जाण्याची) तारीख लावलेली असते पाच! दर महिन्याला बाउन्स. आपला दंड वेगळा, त्याच्या बँकेचा दंड वेगळा. सहा-आठ महिन्यांत खातं 'खराब' ठरतं, माणूस मात्र खराब नसतो. हुशार वसुली अधिकारी आधी विचारतो, "पगार कधी होतो?" आणि नवा मँडेट (कपातीचा संमती-फॉर्म) भरून घेऊन तारीख बारा करतो. अशी कितीतरी खाती नुसत्या तारीखबदलाने सुधारतात.

कायम नोकरीवाला असेल तर कर्ज देतानाच सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे पगारकपातीचं संमतीपत्र घेतलंय का ते पाहायचं. असेल तर पत्र कंपनीच्या वेळ-पगार विभागात द्यायचं, कर्जदाराच्या दारात जाण्याची गरजच नाही. फक्त ते पत्र पोहोचल्याची सही-शिक्क्याची पोच आणायला विसरू नये.

कडक_चहा | सोमवार, दुपारी १२:४८

सगळं गोडगोड चाललंय. प्रत्यक्षात सरळ माणूस सरळपणे भरतोच, त्याला वसुली अधिकारी लागत नाही. लागतो तो बंगला बांधून, गाडी घेऊन, पतसंस्थेचा हप्ता बुडवणाऱ्यासाठी. तिथे हिशेबाची वही दाखवून काय होणार? तिथे वचकच हवा. दारात पंधरा माणसं बसवा, ढोल वाजवा, चौकात नावाचा फलक लावा. अब्रू जाते म्हटल्यावर पैसे निघतात. ठेवीदारांचे पैसे आहेत ते, हेही कोणीतरी बोललं पाहिजे.

कलम_१०१ | सोमवार, दुपारी २:१५

कडक_चहा, ठेवीदारांच्या बाजूने बोललात ते योग्यच. ढोल मात्र नको, कारण त्याने ठेवीदाराचंच नुकसान होतं.

ढोल वाजला की मुळात थकबाकीदार असलेला माणूस फिर्यादी होतो. पोलीस ठाण्यात अर्ज, अब्रुनुकसानीची नोटीस, आणि मूळ वसुली बाजूला पडते. बँका आणि बिगरबँक वित्तसंस्थांना तर रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने स्पष्ट बजावलं आहे: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाईक-मित्रांच्या खाजगीपणात घुसखोरी नाही. सूक्ष्म कर्जांना वेळ आणखी कमी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, म्हणून ते परिपत्रक थेट लागू होत नसलं, तरी आपल्या माणसाच्या हातात तीच शिस्त लेखी द्यावी.

आणि वचक हवाच असेल तर तो कागदाचा ठेवा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो. त्यासाठी अर्जासोबत कर्जरोखा, जामीनपत्रं, खातेउतारा, मागणी नोटिशीची पोच, संचालक मंडळाचा ठराव, चौकशी फीचं चलन लागतं. त्यावर सुनावणी होते. दाखला झाल्यावर त्याविरुद्ध कलम १५४ खाली फेरतपासणीला जायचं तर थकबाकीदाराला देय रकमेच्या निम्मी रक्कम संस्थेत भरावी लागते. बंगलेवाल्याला ही अट ढोलापेक्षा जास्त लागते. पुढे प्रत्यक्ष वसुलीसाठी कलम १५६ आणि १९६१ च्या नियमांतला नियम १०७. मागणी नोटीस, जप्ती, जाहीरनामा. जंगम मालाची जप्ती सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात. स्थावराचा लिलाव जाहीरनामा लावल्यापासून तीस दिवसांच्या आत घेता येत नाही. बोली लागली की खरेदीदाराने १५ टक्के जागेवर आणि बाकी १५ दिवसांत भरायचे. लिलावानंतरही तीस दिवसांत थकबाकी आणि खरेदीदारासाठी ५ टक्के जादा भरून मालक लिलाव रद्द करून घेऊ शकतो.

यातली एक नोटीस जरी चुकीच्या पत्त्यावर गेली किंवा पंचनाम्यावर पंचांच्या सह्या राहिल्या, तरी दोन वर्षांचं काम पाण्यात जातं. म्हणून माझ्या मते दुसरा गुण: कागदाची शिस्त. नोटीस डकवली तर फोटो, तारीख, वेळ, दोन साक्षीदार. त्याच संध्याकाळी फाईलला. "उद्या लावतो" म्हणणारा माणूस या कामाचा नाही.

निफाडची_थंडी | सोमवार, दुपारी ४:३०

गोदाकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, शहर आणि शेती दोन्हीकडे एकच माणूस बहुतेक वेळा चालत नाही. शेतीकडचं कॅलेंडरच वेगळं आहे.

निफाड-दिंडोरीत गोड बाराची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. तिथून पुढे औषधं, मजुरी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), म्हणजे शेतकऱ्याचा खिसा रिकामाच होत जातो. दिवाळीनंतर तिथे जाऊन हप्ता मागणाऱ्याला फक्त चहा मिळतो. पैसा येतो जानेवारीअखेर ते एप्रिल. त्यानंतर लगेच एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे पुन्हा खर्च. तेव्हा खरी खिडकी दोन-अडीच महिन्यांची. बागलाणच्या अर्ली बागांचं गणित निराळं, छाटणी जूनपुढे आणि माल दिवाळीच्या मागेपुढे. कळवण-सटाण्याला निफाडचं वेळापत्रक लावलं तर माल निघून पैसा खर्च झाल्यावर आपण पोहोचतो.

कांद्याचं तिसरंच. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलला निघतो आणि चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, जातो. शेतकरी ऑक्टोबरपर्यंत थोडाथोडा विकतो, भावाची वाट पाहत. त्यात सड आणि घट. चाळ भरलेली दिसते म्हणून "पैसा आहे, देत नाही" असा शेरा मारणारा वसुलीवाला कच्चा. चाळीत कांदा किती, त्यातला विकण्याजोगा किती, लासलगावला किंवा पिंपळगावला गेल्या आठवड्यात काय भाव निघाला, हे विचारून तो म्हणतो, "पुढची ट्रॉली गेली की हिशेबपट्टी (विक्रीची पावती) घेऊन शाखेत या, त्यातले एवढे भरा." टोमॅटोवाल्याकडे ऑगस्ट ते नोव्हेंबर रोख खेळती असते, तिथे आठवड्याचा भरणा ठरवता येतो. दूधवाल्याचं बिल बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी होतं. गोठा असलेल्या घराला महिन्याच्या एका मोठ्या हप्त्यापेक्षा दर दहा दिवसांचे तीन लहान भरणे सोपे जातात.

द्राक्षवाल्याबद्दल अजून एक. पुष्कळदा तो थकतो, कारण व्यापाऱ्याने त्याचे थकवलेले असतात. चांगला वसुली अधिकारी विचारतो, "माल कोणाला दिला, सौदापावती आहे का, काटापट्ट्या जपल्यात का, चेक कोणत्या तारखेचा?" चेकची मुदत तीन महिने. ती संपत आली असेल आणि शेतकरी व्यापाऱ्याच्या शब्दावर थांबला असेल, तर चेक आजच बँकेत टाका असं सांगणं आपल्या फायद्याचं आणि त्याच्याही.

पिंपळपार | सोमवार, संध्याकाळी ५:०५

"द्राक्षं निघू द्या" आणि "कांद्याला भाव येऊ द्या" या दोन वाक्यांवर आख्खं वर्ष निघतं, हे मात्र खरं! त्यातलं कोणतं कोणत्या महिन्यात खरं असतं हे ओळखणाराच माणूस घ्या.

रविवार_कारंजा | सोमवार, रात्री ८:२०

वर दोन गुण आले, हिशेब आणि कागद. तिसरा ऐकून घेण्याचा. हा गुण मुलायमपणासाठी नाही, माहितीसाठी लागतो.

थकबाकीदार पहिल्या पाच मिनिटांत सहसा खरं कारण सांगत नाही. "धंदा मंद आहे" म्हणतो. गप्प राहून दुसरं वाक्य येऊ देणारा माणूस असेल तर मग कळतं: भावाच्या हॉस्पिटलात पैसे गेलेत, किंवा दुकान दुसऱ्या जागी हलवलंय, किंवा दुसऱ्या तीन ठिकाणी कर्ज आहे. यातल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा. पहिल्याला दोन-तीन महिन्यांची मोकळीक आणि मग नव्याने हप्ते. दुसऱ्याला नवा पत्ता आणि नव्या जागेचा करारनामा घेऊन ठेवणं. तिसऱ्याला घाईने वसुली आणि जामीनदाराला आजच पत्र.

आता शब्द घेण्याबद्दल. "पुढच्या आठवड्यात देतो" हा वसुलीच्या डायरीत लिहिण्याजोगा शब्द नाही. रक्कम, तारीख, वाट (रोख, चेक की मोबाईलवरून) आणि पैसा कुठून येणार, या चारही गोष्टी आल्या तरच नोंद करायची. "१२ तारखेला चार हजार, पगारातून, फोनवरून." मग ११ तारखेला संध्याकाळी एक आठवण आणि १३ ला सकाळी फोन. १३ चा फोन चुकवायचा नाही. शब्द मोडल्यावर कोणी विचारलं नाही, तर पुढचा शब्दही तसाच जातो. आणि कर्जदार वीस हजार म्हणत असेल आणि ते शक्य दिसत नसेल, तर वसुली अधिकाऱ्यानेच तो आकडा खाली आणावा. मोडलेल्या वीस हजारांपेक्षा पाळलेले चार हजार बरे.

कडक_चहा | सोमवार, रात्री ९:३५

कलम_१०१, निम्मी रक्कम भरण्याचा मुद्दा चोख. ढोलाचा माझा आग्रह मागे घेतो. पण एक प्रश्न राहतो. देऊ शकत नाही तो आणि द्यायचंच नाही तो, हे दोघे दारात सारखेच बोलतात. नुसता ऐकणारा माणूस दुसऱ्याच्या गोष्टीत रमतो आणि मुदत निघून जाते. मुदत गेली की तुमचा कागदही गेला.

कलम_१०१ | सोमवार, रात्री १०:१०

मुदतीचं बरोबर. तारखांचं भान हा वेगळाच गुण धरा.

चेक बाउन्सचं उदाहरण घ्या. बँकेचा मेमो हातात आल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून त्याला पंधरा दिवस, ते संपल्यावर एका महिन्यात चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ ची फिर्याद. पुष्कळ जण तीस दिवस चेकच्या तारखेपासून मोजतात आणि गोंधळ करतात. दुसरी चूक: चेक दिल्यानंतर कर्जदाराने काही रक्कम भरलेली असते आणि तरीही पूर्ण रकमेचा चेक तसाच टाकला जातो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की भरलेल्या रकमेची नोंद चेकवर न करता पूर्ण रकमेसाठी १३८ टिकत नाही. म्हणजे बाउन्सआधीचा प्रत्येक भरणा आणि हातातला चेक यांचा मेळ ठेवणारा माणूस हवा.

दिवाणी मुदत साधारण तीन वर्षं. ती संपण्याआधी बाकी मान्य असल्याचं सहीचं पत्र मिळालं किंवा काही भरणा त्याच्या सहीच्या चलनाने आला, तर मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून वर्षातून एकदा, ३१ मार्चच्या शिलकीवर, प्रत्येक थकीत खात्याचं बाकी-मान्यतापत्र. कर्जदाराचं आणि जामीनदारांचं वेगवेगळं.

रविवार_कारंजा | सोमवार, रात्री १०:४०

कडक_चहा यांच्या प्रश्नाला माझं उत्तर: शब्दांवरून ओळखायचं नाही, लहान रकमेवरून ओळखायचं. देऊ न शकणारा पाचशे-हजार तरी आणून देतो, फोन उचलतो, घर बदललं तर सांगतो. न देणारा पूर्ण रकमेची मोठी तारीख देतो आणि आजचे पाचशे देत नाही. असे तीन मोठे वायदे मोडले की फाईल कलम_१०१ यांच्या टेबलावर. हा नियम लेखी असावा, वसुली अधिकाऱ्याच्या मनावर नसावा.

सुरगाणा_रोड | मंगळवार, सकाळी ८:१५

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, दिंडोरीचा पश्चिम भाग या बाजूला कर्जं असतील तर सातबारा वाचता येणं सक्तीचं ठेवा. आदिवासी खातेदाराची जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ मुळे परवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे जात नाही. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात आपला बोजा (कर्जाची नोंद) दिसतो म्हणून निश्चिंत राहिलेली संस्था लिलावाच्या वेळी अडते. सातबारा, आठ-अ आणि फेरफार तिन्ही एकत्र वाचणारा माणूस हे पहिल्या दिवशीच सांगतो. सामाईक खात्यात कर्जदाराचा हिस्सा किती हेही तोच पाहतो.

भाषेचंही आहे. तिकडे कोकणी, महादेव कोळी वस्त्यांत शहरी मराठीतली नोटीस वाचून दाखवणं पुरत नाही, समजावून सांगावी लागते.

स्टेपनी | मंगळवार, सकाळी ९:५०

रिक्षा-टेम्पोबद्दल कोणी बोललं नाही. गाडी ओढून आणणं म्हणजे वसुली हा समज काढून टाका. ओढलेली गाडी आवारात उभी राहून दर महिन्याला उतरते आणि चालकाची कमाई बंद झाल्यावर उरलेली बाकी कधीच येत नाही. रिक्षावाल्याला दिवसाची कमाई असते, त्याचा भरणा दैनंदिन ठेवीसारखा रोजचा किंवा आठवड्याचा लावा. थांब्यावर चारचौघांसमोर पैसे मागू नका.

ताबा घ्यायचीच वेळ आली तर करारातलं ताब्याचं कलम तपासा, लेखी नोटीस द्या, पोलीस ठाण्यात आधी आणि नंतर कळवा. जागेवर यादी करा: स्टेपनी, बॅटरी, जॅक, टेप, किलोमीटरचा आकडा, आतला माल, कागदपत्रं. चालकाची सही आणि फोटो. माल त्याचा त्याला लगेच परत. विकण्याआधी रक्कम भरून गाडी सोडवण्याची शेवटची संधी. आणि आरसी आपल्या नावावर घ्यायची असेल तर आरटीओत फॉर्म ३६. इथे गुण लागतो तो डोकं थंड ठेवण्याचा. रस्त्यावर हात पुढे झाला की केस उलटते.

अंबड_लिंक | मंगळवार, सकाळी ११:३०

थोडं विषयांतर, पण गुण तेच. छोट्या कारखानदारांची येणी वसूल करणारा माणूसही असाच लागतो. मोठ्या कंपनीकडे बिल अडकलं की सगळे म्हणतात "पैसे नाहीत". खरं तर बरेचदा माल मिळाल्याची नोंदच झालेली नसते, किंवा बिलावर पीओ (खरेदी ऑर्डरचा) नंबर चुकलेला, किंवा दहा नग नाकारलेले आणि त्याची डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याचा कागद) आपण पाहिलेली नाही. स्टोअरपासून लेखा विभागापर्यंत कागद नेमका कोणत्या टेबलावर थांबलाय हे शोधून काढणारा माणूस पाच वेळा "पेमेंट कधी" विचारणाऱ्यापेक्षा लवकर पैसे आणतो.

बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक छापलेला असावा. २००६ च्या एमएसएमईडी (लघुउद्योगांच्या) कायद्यात बिल चुकतं करण्याची मुदत जास्तीत जास्त ४५ दिवसांची. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. असं थकलेलं बिल आयकरात त्या वर्षाचा खर्च म्हणून धरता येत नाही (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४३ब(एच)), म्हणून मार्चअखेर खरेदीदारालाही घाई असते. तुमच्या पतसंस्थेच्या कर्जदारांत असे वर्कशॉपवाले असतील, तर तुमच्या वसुली अधिकाऱ्याला एवढं माहीत असणं त्या कर्जदारांचा हप्ता मिळवायला कामी येईल. सध्या २०२७ च्या सिंहस्थाची कामं घेतलेले उपठेकेदारही याच फेऱ्यात येतील, त्यांचं रनिंग बिल (झालेल्या कामापुरतं टप्प्याटप्प्याचं बिल) कुठे आहे हे विचारा.

पावतीपुस्तक | मंगळवार, दुपारी १:०५

सचोटीचा मुद्दा सगळ्यांनी गृहीत धरलाय, म्हणून लिहितो. वसुलीतला घोळ मोठ्या रकमेने सुरू होत नाही. आज एकाकडून घेतलेले दोन हजार उद्या भरले, परवाच्या माणसाचे कालच्याच्या नावावर टाकले, असा सरकत जातो. तपासायला सोपा: पावतीची तारीख आणि खात्यात जमा तारीख यांत एक दिवसापेक्षा जास्त फरक असलेल्या नोंदी वेगळ्या काढा. पावतीपुस्तकांचे क्रमांक ओळीने जुळवा, रद्द पावतीच्या तिन्ही प्रती जागेवर हव्यात. दर महिन्याला दहा-पंधरा कर्जदारांना कार्यालयातून दुसऱ्याच व्यक्तीने फोन करून बाकी विचारावी.

आणि नेमणुकीत फक्त वसूल रकमेवर कमिशन ठेवू नका. तसं केलं की माणूस सोप्या खात्यांकडेच फिरतो, जुनी खाती पडून राहतात, आणि महिनाअखेरीला तोंडातून नको ते शब्द निघतात.

ओसरी | मंगळवार, दुपारी ३:४०

घरी फक्त बाई-मुलं असतील तर निरोप न ठेवता परत फिरायचं, फक्त आपलं नाव आणि फोन नंबर द्यायचा. रक्कम सांगायची नाही. हे पाळणारा माणूस घ्या. बचतगटाच्या कर्जांसाठी एक जागा महिलेला द्या असंही सुचवते. गटातली बाई अडचण बाईला लवकर सांगते.

मयत कर्जदाराच्या घरी तेराव्याच्या आत जायचं नाही. नंतर जायचं ते विम्याचा दावा भरायला मदत करत. वारसांची जबाबदारी मिळालेल्या इस्टेटीपुरतीच असते, त्यांना "आता तुम्ही भरा" असं सरसकट सांगणं चूक आहे.

जमाखर्च | मंगळवार, दुपारी ४:२०

ओसरी यांच्या मुद्द्याला जोडून: तडजोड करतानाही सत्य सांगणारा हवा. एकरकमीत सूट दिली की क्रेडिट अहवालात, संस्था माहिती पाठवत असेल तर, 'सेटल्ड' अशी नोंद होते, 'क्लोज्ड' नाही. पुढे घरकर्जाला ते आड येतं. हे आधी सांगितलं तर काही जण सूट नाकारून पूर्ण भरतात. आणि जामीनदाराला पहिल्या थकीत हप्त्यालाच कळवायचं, तीन वर्षांनी नाही. त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, पण त्याला वेळेवर कळलं तर तोच कर्जदाराला घेऊन शाखेत येतो.

गोदाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. ढोलाचा विषय आमच्याही बैठकीत निघाला होता, कलम_१०१ यांचं उत्तर जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे. निफाडसाठी स्थानिक, शेती कळणारा माणूस वेगळा घ्यायचं नक्की. आता एकच विचारतो. हिशेब, कागद, ऐकणं, तारखा, सचोटी हे सगळं अर्धा तासाच्या मुलाखतीत ओळखायचं कसं? "तुम्ही शांत स्वभावाचे आहात का" विचारलं तर सगळे हो म्हणतील.

जमाखर्च | मंगळवार, रात्री ८:३०

प्रश्न विचारूच नका, काम द्या. एक खोटा खातेउतारा तयार करा, दोन वर्षांचा, आणि त्यात तीन चुका मुद्दाम पेरा. विम्याचा हप्ता दोनदा नावे टाकलेला. एक भरणा पावतीवर आहे, उताऱ्यात नाही. दंडावर दंड लागलेला. उमेदवाराला उतारा आणि पावत्या देऊन वीस मिनिटं एकट्याला बसवा. कॅल्क्युलेटर द्या.

मग तुमच्यातल्या एकाने कर्जदार होऊन त्याच्यासमोर बसायचं आणि रागाने सुरुवात करायची, "तुमचा हिशेबच चुकीचा आहे." चूक सापडलेली असताना जो "हो, इथे आमची चूक आहे, ही रक्कम वजा करून बाकी एवढी" असं म्हणतो आणि लगेच उरलेल्या रकमेची तारीख मागतो, तो घ्या. चूक सापडूनही संस्थेची बाजू राखायला दडवणारा घेऊ नका. चूकच न सापडलेला पण शांत राहिलेला असेल, तर त्याला शिकवता येतं.

रविवार_कारंजा | मंगळवार, रात्री ८:५५

आणि संवाद संपल्यावर त्याला त्या भेटीची नोंद लिहायला सांगा, पाच ओळी. रक्कम, तारीख, वाट, पैसा कुठून, आणि समोरच्याचे शब्द. "कर्जदार उद्धट" असा शेरा लिहिणारा आणि "विमा हप्ता दोनदा लागल्याची तक्रार, तपासून शुक्रवारपर्यंत कळवायचं" लिहिणारा, दोघे लगेच वेगळे दिसतील.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९:२०

उत्तम. निफाडच्या उमेदवारालाही हाच उतारा देऊ का?

निफाडची_थंडी | मंगळवार, रात्री ९:४५

नको, त्याला द्राक्षाचं खातं द्या. सोबत सातबारा, दोन हिशेबपट्ट्या आणि व्यापाऱ्याच्या एका चेकची झेरॉक्स, तारीख अडीच महिन्यांपूर्वीची. चेककडे त्याचं लक्ष आधी जातं का ते बघा.